थिन्नकारा: १४ माणसं, १२ कॅन आणि एक होडी

सह्याद्रीत गट नेणाऱ्यांना बेटावरचा मुक्काम सोपा वाटतो. चढ नाही, कडा नाही, वाट चुकायला जागा नाही. लक्षद्वीपची बेटं तर समुद्रसपाटीपासून जेमतेम एक-दोन मीटर उंच. त्यातल्याच थिन्नकारा बेटावर गेलेल्या ज्या गटाचं हे प्रकरण आहे, त्यांनीही तयारीच्या बैठकीत असाच विचार केला होता. त्यांच्यासोबत शिधा आणि पाणी सांभाळायला मी होतो, त्यामुळे खालचे आकडे माझ्या वहीतले आहेत. माणसांची नावं देत नाही. कुणाला इजा झाली नाही, सगळे सुखरूप घरी आले, बातमी होईल असं काही घडलं नाही. पण दुसऱ्या दिवशी दुपारी गटप्रमुखांना जो निर्णय घ्यावा लागला, तो बेटावर माणसं नेणाऱ्या प्रत्येकाने निघण्याआधी स्वतःपुरता घेऊन बघावा, असं मला मनापासून वाटतं.

गट ठाणे-डोंबिवलीकडचा, जुना. १४ जण. शिक्षकांची मुलं सोडली तर सगळ्यात लहान १९ वर्षांची मुलगी, सगळ्यात मोठे ६३ वर्षांचे निवृत्त बँक कर्मचारी. त्यांना आम्ही काका म्हणायचो. काकांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या आणि डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं होतं. गटप्रमुख ताई शाळेत शिकवतात. गटात आणखी दोन शिक्षक होते, दोघांची मुलं सोबत येणार होती. म्हणून महिना ठरला मे, सुट्टीचा पहिला आठवडा. हा महिना कसा ठरला ते लक्षात ठेवा, कारण पुढचं बरंचसं त्यातून आलं.

परवानगीचा भाग थोडक्यात सांगतो. लक्षद्वीपला भारतीय नागरिकालाही मुक्त प्रवेश नाही. १९६७ च्या नियमांनुसार प्रवेश परवाना लागतो. आम्हाला त्यासाठी पोलिस पडताळणीचे दाखले गोळा करायला लागले आणि तिथल्या परवानाधारक व्यवस्थापकामार्फत अर्ज करावा लागला. आपले तंबू घेऊन जायचं आणि आवडेल तिथे ठोकायचे, असं होत नाही. राहायचं ते तिथल्या लोकांनी लावलेल्या तंबूंत, त्यांच्या माणसांच्या देखरेखीखाली. गटातल्या काहींना हे जाचक वाटलं. मला वाटत नाही. सगळ्या लक्षद्वीपची जमीन मिळून साधारण ३२ चौरस किलोमीटर, त्यातल्या १० बेटांवर वस्ती, आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ६४ हजारांच्या वर. इतक्याशा जागेत येणाऱ्यांची मोजदाद ठेवली नाही तर काय होईल, ते आपण आपल्या थंड हवेच्या ठिकाणांवर रोज बघतो आहोत.

कोचीहून लक्षद्वीपच्या आगत्ती बेटाला छोटं एटीआर विमान जातं. धावपट्टी साधारण १,२०० मीटरची, त्यामुळे मोठं विमान उतरत नाही आणि सामानावर मर्यादा येते. स्टोव्हचे गॅस कॅनिस्टर विमानात चालत नाहीतच. गटाच्या नेहमीच्या सामानातलं निम्मं घरीच राहिलं. आगत्तीहून होडीने थिन्नकारा. हे बेट बंगाराम बेटाच्या शेजारी, त्याच लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळ भिंतीच्या आतल्या उथळ पाण्यात आहे. आगत्तीचं लगून वेगळं. म्हणजे एका प्रवाळ भिंतीतल्या खिंडीतून बाहेर पडायचं, मधला उघडा समुद्र ओलांडायचा आणि दुसऱ्या खिंडीतून आत शिरायचं. नकाशावर हे अंतर बोटाच्या पेराएवढंही दिसत नाही. बैठकीत त्या दोन खिंडींबद्दल कुणी एक शब्दही काढला नव्हता, कारण डोंगरातल्या माणसाला पाण्याखालची खिंड दिसत नाही.

आता पाण्याचं बघू. इथे थोडं खोलात जावं लागेल.

प्रवाळ बेटावर नदी नसते, ओढा नसतो, झरा नसतो. पावसाचं पाणी वाळूतून सरळ खाली झिरपतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा थोडं जड, म्हणून हा तरंगणारा थर टिकतो. त्याचा आकार भिंगासारखा, मध्ये जाड आणि कडेला पातळ. घायबेन आणि हर्झबर्ग या दोन शास्त्रज्ञांच्या नावाने ओळखला जाणारा हिशेब असा: समुद्रपातळीच्या वर गोडं पाणी जितकं उभं असेल, त्याच्या साधारण ४० पट ते खाली असतं. वर १० सेंटिमीटर असेल तर खाली ४ मीटर. प्रत्यक्षात भरती-ओहोटीच्या हलण्याने गोडं आणि खारं मधल्या पट्ट्यात मिसळत राहतं, त्यामुळे पिण्याजोगा थर याहून पातळ असतो.

हेच गणित उलटं करून बघा. विहिरीतून उपसा करून वरची पातळी ५ सेंटिमीटरने खाली गेली, तर खालून खारं पाणी २ मीटर वर येऊ शकतं. आपल्याकडच्या विहिरीत जास्त उपसा केला तर तळ दिसतो आणि माणूस थांबतो. इथे पाणी तेवढंच दिसतं, फक्त खारट होत जातं. आणि एकदा खारं झालं की पुढचा पाऊस पडून थर पुन्हा तयार होईपर्यंत थांबण्याशिवाय इलाज नाही. लक्षद्वीपची राजधानी असलेल्या कवरत्तीला २००५ मध्ये राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने समुद्राच्या खोल, थंड पाण्याचा उपयोग करून रोज एक लाख लिटर गोडं पाणी देणारा प्रकल्प उभा केला, तो याच कारणासाठी. वस्तीच्या बेटांवर असे प्रकल्प आले. थिन्नकारासारख्या बेटावर जे काही आहे ते या भिंगात आहे, नाहीतर होडीतून येतं.

विहिरीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट डोंगरात शिकलेल्या माणसाला सहज पटत नाही. गडावर आपण वस्तीपासून लांब खड्डा खणतो, माती लोटतो आणि काम झालं असं समजतो. प्रवाळाच्या भुसभुशीत वाळूत तो खड्डा आणि विहीर यांच्यामध्ये गाळून घेणारी माती जवळजवळ नसतेच. जे खाली जातं ते त्याच पातळ थरात मिसळतं. म्हणून तिथल्या माणसांनी सांगितलेल्या शौचालयाशिवाय दुसरीकडे जायचं नाही, हा नियम ताईंनी पहिल्या तासात सगळ्यांना बसवून सांगितला. तो शेवटपर्यंत पाळला गेला.

मे महिन्यात हा थर वर्षातला सगळ्यात पातळ असतो. पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये जोरात, त्यानंतर डिसेंबरपर्यंत थोडाफार. मग काही महिने कोरडे. त्यामुळे आम्ही पोचलो तेव्हा तंबूंजवळच्या विहिरीचं पाणी जिभेला खारट लागत होतं. देखरेखीला असलेले चाचा मूळचे आगत्तीचे, होडीही त्यांचीच. ते म्हणाले, धुण्याभांड्याला घ्या, पिऊ नका, आणि बादल्या भरून घेऊ नका. पिण्या-स्वयंपाकाचं पाणी आम्ही आगत्तीहून होडीतूनच आणलं होतं. २० लिटरचे १२ कॅन, म्हणजे २४० लिटर.

हिशेब असा होता: माणशी रोज ४ लिटर प्यायला, २ लिटर स्वयंपाकाला. १४ जणांचे रोजचे ८४ लिटर. पहिल्या दिवशी दुपारी पोचून तिसऱ्या दिवशी सकाळी निघायचं, म्हणजे दोन दिवसांचे १६८. उरलेले ७२ लिटर राखीव, जवळपास एका दिवसाचे. कागदावर हा हिशेब चांगला आहे आणि आजही मी तोच धरतो.

तो बिघडला अंघोळीने. लगूनमध्ये दिवसातून तीन-तीनदा डुंबायचं, बाहेर आलं की उन्हात अंग मिठाने चरचरतं, आणि विहिरीच्या खारट पाण्याने ती चरचर पूर्ण जात नाही. मुलांच्या अंगावर पुरळ दिसायला लागलं तशी पालकांनी कॅनचं पाणी मगाने घ्यायला सुरुवात केली. कुणीही जास्त घेतलं नाही, एक-दोन मग. चौदा जणांचे, दिवसातून तीनदा. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता मी कॅन मोजले तेव्हा पाच भरलेले होते. १०० लिटर. ८४ लिटर जायला हवे होते तिथे १४० गेले होते.

तरीही एवढ्यावर काही बिघडलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळपर्यंत १०० लिटर आरामात पुरले असते.

एकच्या सुमाराला चाचा ताईंना बाजूला घेऊन गेले. सकाळपासून वारा पश्चिमेकडून येत होता आणि वाढत होता. पश्चिमेच्या प्रवाळ भिंतीवर फुटणाऱ्या लाटांचा आवाज आदल्या दिवशी फक्त रात्री ऐकू आला होता. आता तो दुपारीही येत होता. चाचांचं म्हणणं मोजकं होतं. उद्या होडी निघणार नाही. परवाचं आत्ता सांगता येत नाही. आज निघायचं तर दोनच्या आत, कारण त्यानंतर ओहोटी लागते, खिंडीत पाणी कमी होतं आणि लाट तिथेच उभी राहते.

आमच्यात अलिबागकडचा एक जण होता. त्याने सवयीने तिथी धरून हिशेब केला. कोकणात तिथीला तिनाने गुणून चाराने भागतात आणि भरतीची वेळ काढतात. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. मुंबई-कोकणच्या किनाऱ्यावर हा आडाखा छान बसतो. लक्षद्वीपमध्ये भरतीच्या वेळा वेगळ्या आहेत आणि पाण्याची चढ-उतारही मुंबईच्या मानाने फार कमी आहे, म्हणून त्याचं उत्तर चाचांच्या सांगण्याशी जुळेना. तो गोंधळला, पण त्याने जे केलं ते मला आवडलं. आपलं गणित बाजूला ठेवून त्याने चाचांना विचारलं, खिंडीत आत्ता किती पाणी असेल? चाचांनी हात कमरेवर ठेवला. होडी भरलेली असताना तेवढं हवंच.

गटासमोर तीन पर्याय आले.

पहिला, सगळ्यांनी लगेच निघायचं. एका रात्रीचे पैसे गेले, मुक्काम अर्धा राहिला आणि आगत्तीला खोल्या मिळतील की नाही माहीत नाही.

दुसरा, सगळ्यांनी थांबायचं. शिधा तीन दिवस पुरेल एवढा होता. १०० लिटर पाणी १४ जणांना माणशी ४ लिटरने पावणेदोन दिवस जातं, तेही स्वयंपाकाला थेंब न देता. वरचं पाणी विहिरीचं. कुणीतरी म्हणालं, उकळून पिऊ. उकळल्याने जंतू मरतात. मीठ जात नाही, उलट पाणी आटलं की खारटपणा वाढतो. तरण्या माणसाने एक दिवस थोडं खारट पाणी प्यायलं तर चालून जाईलही. काकांच्या बाबतीत तो धोका घेण्यासारखा नव्हता. दुसरं कुणीतरी शहाळ्यांकडे बोट दाखवलं. बेट निर्मनुष्य दिसतं, पण तिथले माड बेवारस नाहीत. या बेटांवरच्या बागा आगत्तीच्या कुटुंबांच्या आहेत. नारळ हे त्यांचं उत्पन्न आहे. विकत घेता आले असते, पण त्या दिवशी काढायला माणूस नव्हता.

तिसरा पर्याय तरुण मंडळींचा होता, आणि तो ऐकायला सगळ्यात शहाणपणाचा वाटत होता. काका, मुलं आणि त्यांचे पालक असे आठ जण आत्ता जातील, सहा जण थांबतील. सहा जणांना १०० लिटर म्हणजे माणशी रोज ४ लिटरने चार दिवस. पाण्याचा प्रश्नच मिटतो. थांबणारे सगळे पट्टीचे पोहणारे, रात्री-अपरात्री गडावर राहिलेले. मलाही त्या क्षणी हाच मार्ग बरोबर वाटला होता, कारण माझ्यासमोर कॅन होते.

ताईंनी तो नाकारला. कारण त्यांनी तिथेच, सगळ्यांसमोर सांगितलं. सहा जण मागे राहिले की त्यांच्यासाठी होडी परत यावी लागणार. ती कधी यायची हे हवा ठरवेल. पण मागे राहिलेल्यांपैकी एकाचा पाय प्रवाळावर कापला, एकाला ताप आला, तर चाचांना किंवा त्यांच्या मुलाला खवळलेल्या खिंडीतून आत यावंच लागेल. ते आले नाहीत तर त्यांना रात्री झोप लागणार नाही, आले तर त्यांच्या घरच्यांना. आपण पाणी वाचवून दाखवू, पण आपल्यामुळे दुसऱ्याला कुठे जावं लागेल त्याचा हिशेब आपल्या वहीत नाही.

या एका मुद्द्यासाठी मी हे प्रकरण लिहायला घेतलं. डोंगरात गट फुटला तरी मागे राहिलेला माणूस बहुतेक वेळा स्वतःच्या पायांनी खाली येऊ शकतो. दरीतल्या गावातून वर येणाऱ्यालाही वाट सापडते. बेटावर मागे राहिलेल्याला परत यायचा एकही मार्ग स्वतःच्या हातात नसतो. त्याची प्रत्येक अडचण होडीवाल्याची अडचण होते. म्हणून बेटावर गट पुरता थांबतो किंवा पुरता निघतो, आणि कधी निघायचं ते होडी चालवणारा सांगतो. गटप्रमुखाला इतकं ऐकून घेता आलं पाहिजे. ताईंना वीस मिनिटांत ते जमलं, आणि तेही अशा गटासमोर ज्याला त्यांचाच शब्द शेवटचा मानायची सवय होती.

निघायला पाऊण तास मिळाला. तंबू आवरणं नव्हतंच. कचऱ्याची पोती आधी होडीत चढली. उरलेले पाच कॅन चाचांच्या मदतनिसासाठी ठेवले. तो बेटावरच थांबणार होता. १९ वर्षांच्या मुलीने किनाऱ्यावर वाहून आलेले पांढरे प्रवाळाचे तुकडे पिशवीत भरले होते, ते चाचांनी परत वाळूवर ठेवायला लावले. मेलेला तुकडा असला तरी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतं, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच त्याला. तिला वाईट वाटलं. पण ती वाळू तरी कशाची असते? मेलेल्या प्रवाळाची, शिंपल्यांची, आणि प्रवाळ कुरतडणाऱ्या पोपट माशांच्या विष्ठेतून पडणाऱ्या चुऱ्याची. तुकडे तिथे राहिले तर बेट राहतं. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये समुद्र तापून लक्षद्वीपचं प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरं पडलं, २०२४ मध्ये पुन्हा. त्या लगूनमध्ये पोहून आलेल्या माणसाला ही वर्षं पाठ असायला हवीत.

पहिल्या खिंडीत होडी दोनदा आपटल्यासारखी हलली. चाचांच्या मुलाने पुढे उभं राहून हाताने दिशा दाखवली, चाचांनी दोन लाटा जाऊ दिल्या आणि तिसरीच्या मागून काढली. उघड्या समुद्रात बहुतेकांना उलट्या झाल्या. आगत्तीला पोचलो तेव्हा सगळे चिंब होते. व्यवस्थापकांनी तीन घरांत सोय केली. त्यातल्या एका घरच्या बाईंनी आम्ही न मागता टोप भरून गोडं पाणी तापवून दिलं. मे महिन्यात, पाण्याची ही अवस्था असताना. आम्ही ते काका आणि मुलांना दिलं.

परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी आगत्तीहून एकही छोटी होडी बाहेर गेली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारनंतर गेल्या. आमचं विमान त्याच्या पुढच्या दिवशी होतं, ते वेळेवर सुटलं.

यावरून गटातला एक जण आजही म्हणतो की सहा जणांचा पर्याय चालला असता: फार तर दीड दिवस जास्त, पाणी भरपूर, काही झालंही नसतं. त्याचं म्हणणं नोंदवून ठेवतो, कारण ते खोटं नाही. पण दुपारी एक वाजता परवाची हवा कुणालाच माहीत नव्हती, चाचांनाही नाही. निर्णय तपासायचा तो त्या वेळी हातात असलेल्या माहितीवर. नंतर ऊन पडलं म्हणून छत्री घेतलेला माणूस चुकीचा ठरत नाही.

त्यानंतर गटाने काही गोष्टी बदलल्या. बेटाचा मुक्काम डिसेंबर ते फेब्रुवारी याच महिन्यांत. शिक्षकांना सुट्टी मिळाली नाही तर ते त्या वर्षी येत नाहीत. संख्या जास्तीत जास्त १०, म्हणजे एका होडीत सामानासह मोकळेपणाने मावतील एवढी. राखीव पाणी एका दिवसाऐवजी दोन दिवसांचं, त्या कॅनवर लाल पट्टी आणि ते उघडायचे फक्त गटप्रमुखांनी. अंगावरचं मीठ काढायला माणशी दिवसाला एक लिटर, तेही ओल्या पंच्याने पुसून. पुसलं की चरचर जाते, ओतलं तर जास्त पाणी जातं आणि गुण तेवढाच येतो. भांडी आधी समुद्राच्या पाण्यात वाळूने घासायची, शेवटचं विसळणं तेवढं गोड्या पाण्यात. साबण लगूनमध्ये न्यायचा नाही. उन्हासाठी क्रीमवर भिस्त न ठेवता पूर्ण बाह्यांचे पोहायचे कपडे. हवाईने प्रवाळाला घातक ठरणाऱ्या दोन रसायनांच्या सनस्क्रीनच्या विक्रीवर २०२१ पासून बंदी घातली आहे, आपल्याकडे तसा नियम येण्याची वाट बघायचं कारण नाही. परतीच्या विमानाआधी आगत्तीला दोन रात्री मोकळ्या. त्यांचा खर्च सुरुवातीलाच शुल्कात धरायचा, म्हणजे निघायची वेळ आली की पैशाचा विषय कुणाच्या डोक्यात येत नाही.

व्यवस्थापकांशी बोलताना ताई आता पैशांच्या आधी दोन प्रश्न विचारतात. पिण्याचं पाणी कुठून येणार आणि होडी कोण चालवणार. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की त्या माणसाशी स्वतः फोनवर बोलतात. चाचांशी असं बोलणं झालं तेव्हा त्यांनी या नव्या नियमांतला एक दुरुस्त केला. फेब्रुवारीचा शेवट नको म्हणाले, जानेवारीत या. तेव्हा विहिरीला पाणी असतं, माणशी एकेक बादली देता येईल.